पांढऱ्या कागदावरचं झाड

वनस्पतिशास्त्राच्या जुन्या ग्रंथातलं कोणतंही चांगलं चित्र डोळ्यासमोर आणा. मधोमध एक फांदी. तिच्यावर मिटलेली कळी आहे, पूर्ण उमललेलं फूल आहे आणि थोडं खाली पिकलेली शेंगही आहे. एक पान समोरून दाखवलंय, शेजारचं मुद्दाम उलटं वळवून त्याच्या पाठीवरच्या शिरा दाखवल्यात. तळाशी कोपऱ्यात फुलाचा उभा छेद, मोठा करून काढलेला एक पुंकेसर आणि एक बी. बाकी सगळा कागद कोरा. माती नाही, आकाश नाही, जमिनीवर पडलेली सावली नाही. किड्यानं कुरतडलेलं पान तर शोधूनही सापडत नाही.

अशी फांदी बहुतेक वेळा जगात कुठेच नसते. पळसाचं उदाहरण घेऊ. फाल्गुनाच्या सुमारास तो फुलतो तेव्हा झाडावर पान शोधावं लागतं. शेंगा नंतर धरतात. पण पळसाचं शास्त्रीय चित्र काढणाऱ्याला फूल, पान आणि शेंग एकाच कागदावर हवी असतात. पळसाला पानं तीनच, हे चित्रात दिसलं नाही, तर पावसाळ्यात ते चित्र घेऊन रानात गेलेल्या माणसाला पळस ओळखता येणार नाही. म्हणून चित्रकार तीन वेगवेगळ्या दिवसांमधलं, कदाचित तीन वेगवेगळ्या झाडांवरचं साहित्य एका फांदीवर आणून बसवतो.

मग हे चित्र खरं की खोटं?

फोटोशी तुलना केली की उत्तर सोपं वाटतं. फोटो म्हणजे हीच फांदी, याच क्षणी, याच उजेडात. त्यात अर्धं फूल सावलीत जातं, मागचं पान धूसर होतं, महत्त्वाचा देठ नेमका दुसऱ्या पानाआड लपतो. चित्रकार मात्र काय दिसायला हवं ते ठरवू शकतो. म्हणून 1787 मध्ये सुरू झालेलं ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ कॅमेऱ्याच्या काळातही रंगवलेली चित्रं छापत राहिलं आणि नव्या जातीची नोंद करणाऱ्या शोधनिबंधांत फोटोंबरोबर आजही रेखाचित्र दिसतं. चित्र या झाडाबद्दल नसतं, या जातीबद्दल असतं. जातीबद्दल ते खरं असतं.

हे किती टोकाला जाऊ शकतं त्याचं एक उदाहरण. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हेडे यानं मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवून घेतला. तो 1678 ते 1693 या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. पुढे लिनियसनं 1753 मध्ये वनस्पतींना दोन शब्दी नावं दिली, तेव्हा अनेक ठिकाणी त्याच्यासमोर या ग्रंथातली चित्रं होती. वनस्पतीचं शास्त्रीय नाव कशाला तरी बांधलेलं असावं लागतं. शास्त्रज्ञ त्याला ‘टाइप’ म्हणतात, आणि सहसा तो वाळवून जपलेला नमुना असतो. पण मलबारच्या कित्येक वनस्पतींच्या बाबतीत असा नमुनाच नव्हता. त्यामुळे त्यांची नावं ऱ्हेडेच्या चित्रांना बांधली गेली. म्हणजे अमुक झाड कुठलं, हा वाद झाला तर अखेरचा पुरावा झाड नव्हे, चित्र.

इथवर मला काही अडचण नाही. माझं काम सॉफ्टवेअरचं आहे आणि रोजची भाकरी याच युक्तीवर चालते. बँकेचा ग्राहक म्हणजे हाडामांसाचा माणूस, पण आमच्या तक्त्यात तो दहा-बारा रकान्यांचा असतो. त्याचं हसणं, त्याची गुडघेदुखी आम्हाला नको असते. नको ते वगळता येणं, ज्याला आम्ही ॲबस्ट्रॅक्शन म्हणतो, तेच आमच्या धंद्यातलं कसब. वनस्पतिचित्रांकडे मी ओढला गेलो तो त्यामुळेच. कोऱ्या कागदावरची ती फांदी मला एखाद्या नेटक्या प्रोग्रॅमसारखी दिसायची. आहे ते सगळं लागणारं, आणि लागणार नाही ते काहीच नाही.

अडचण येते ती प्रेमापाशी. वनस्पतिचित्रकारांबद्दल बोलताना त्यांचं झाडांवर प्रेम असतं असं आपण सहज म्हणून जातो. पण प्रेम जातीवर बसत नाही. आजोळच्या अंगणातला प्राजक्त वठला, तर नर्सरीतून दुसरा आणून लावता येतो, पण तो तोच नसतो. एकाच्या जागी दुसरं चालत नाही, हे प्रेमाचं पहिलं लक्षण. वनस्पतिचित्राची तर पहिली अटच अशी, की एकाच्या जागी दुसरं चाललं पाहिजे. या झाडाची वाकडी फांदी, त्या पानावरचा डाग, हे सगळं ‘अपवाद’ म्हणून बाजूला ठेवायचं. मग चित्रकाराचं प्रेम नेमकं कशावर असतं?

त्यांची कामाची पद्धत पाहिली की उत्तराचा एक धागा मिळतो. फूल तोडून आणल्या क्षणापासून ते मरायला लागतं. म्हणून आधी फूल, मग पान, आणि टिकणारी शेंग सगळ्यात शेवटी, असा क्रम लागतो. डिव्हायडर घेऊन पाकळीची लांबी मोजायची. खोलीतल्या उजेडात फूल वळायला लागलं की घाई करायची. आतली रचना दाखवायची तर पात्यानं ते उभं चिरायचं. म्हणजे जातीचं चित्र काढायला हाताशी असतं ते एकच, हेच, मरणारं फूल. त्याच्याकडे दोन दिवस इतकं टक लावून पाहायचं, जितकं आपण माणसांकडेही पाहत नाही, आणि त्याला कापायचंही.

ऑस्ट्रियाचा फर्डिनांड बाउअर या बाबतीत विलक्षण होता. जॉन सिबथॉर्प या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर तो 1786-87 मध्ये ग्रीस आणि आसपासच्या मुलखात हिंडला. प्रवासात रंग भरायला वेळ कुठला? तो पेन्सिलीनं रेखाटन करायचा आणि पाकळीच्या, पानाच्या प्रत्येक भागावर एक आकडा लिहायचा. एक आकडा म्हणजे एक छटा. पुढे ऑक्सफर्डला बसून त्या आकड्यांवरून त्यानं रंगीत चित्रं केली. ‘फ्लोरा ग्रेका’ या ग्रंथात अशी 966 चित्रं आहेत. 1801 पासून मॅथ्यू फ्लिंडर्सच्या जहाजावर ऑस्ट्रेलियाचा किनारा फिरताना त्याचे आकडे हजाराच्या जवळ गेले. कोणत्या आकड्याला कोणता रंग, हे सांगणारा त्या सफरीचा तक्ता सापडलेला नाही.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्यातली संगणकी हुशारी आवडली. रंगाला आकडा देणं म्हणजे आमचंच काम की. पण हजार आकडे कोणाला लागतात? काम उरकायचं असेल तर पोपटी, गडद हिरवा, करडा हिरवा एवढ्यावर भागतं. हजार आकडे त्यालाच लागतात, ज्याला या पानाचा हिरवा आणि त्या पानाचा हिरवा एकच म्हणणं पटत नाही. जातीचं चित्र काढणारा हा माणूस एकेका पानाशी अडून बसला होता. मला वाटतं, प्रेम तिथे आहे. ते चित्राच्या विषयात दिसत नाही. ते अचूकतेच्या आग्रहात आहे.

मात्र इथे थांबलो तर लेख गोड होईल आणि अपुरा राहील. कारण अचूकता कोणाच्याही चाकरीला राहते. ईस्ट इंडिया कंपनीनं वनस्पतिशास्त्रज्ञ नेमले आणि त्यांनी चित्रकार नेमले, ते केवळ फुलांच्या ओढीनं नव्हे. जहाजाला लाकूड, बाजाराला रंग आणि कापूस, फौजेला औषधं, यांसाठी कुठे काय उगवतं ते नीट माहीत हवं होतं. चित्रकारानं जीव ओतून काढलेलं पान मालाच्या यादीतली एक नोंदही होतं. त्याच्या प्रेमानं ते चित्र वाईट कामापासून वाचत नाही, आणि वाईट कामामुळे प्रेम खोटंही ठरत नाही. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून मग प्रश्न विचारायला हवा. तो प्रश्न कागदावरच्या झाडाबद्दल नाही, त्याभोवतीच्या कोऱ्या जागेबद्दल आहे. तिथे काय होतं, आणि ते कोणी काढून टाकलं?

आपल्याकडे शंकासुर नावाचं झुडूप आहे. लाल-पिवळी फुलं, बाहेर झेपावलेले लांब पुंकेसर. शाळेच्या कुंपणाला, रस्त्याच्या दुभाजकावर सगळीकडे असतं. मारिया सिबिला मेरियन ही चित्रकार 1699 मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन ॲम्स्टरडॅमहून दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. 1705 मध्ये तिनं तिथल्या कीटकांवरचा मोठा ग्रंथ छापला. तिला रस सुरवंटांत, म्हणून तिच्या चित्रांत पानं खाल्लेली असतात. ज्या झाडावर जो किडा जगतो, त्या झाडावरच तो काढायचा, हा तिचा बाणा. या ग्रंथात शंकासुराचं देखणं चित्र आहे. शेजारच्या मजकुरात तिनं लिहिलंय, की डच मालकांकडे गुलामीत राबणाऱ्या तिथल्या आदिवासी बायका या झुडपाच्या बिया गर्भ पाडायला वापरतात, आपल्या पोटचं मूल गुलाम होऊ नये म्हणून. हे त्या बायकांनीच आपल्याला सांगितल्याचं ती नमूद करते.

चित्रात यातलं काही नाही. चित्रात दिसणारही नाही. पण मेरियननं ते मजकुरात तरी ठेवलं. गंमत म्हणा की शोकांतिका, तिच्यासाठी रानात वाट तोडणारी माणसंही गुलामच होती, आणि तेही तिच्याच लिखाणातून कळतं. ती संत नव्हती. पण जे कागदावरून गेलं ते नव्हतंच, असा आव तिनं आणला नाही. झाड युरोपातल्या बागांत रुजलं. ती माहिती मात्र त्याच्याबरोबर फारशी रुजली नाही. आज दुभाजकावर शंकासुर पाहताना आपल्याला ती आठवत नाही, कारण आपल्यापर्यंत पोचलेलं फूल कोऱ्या कागदावरचं आहे.

वगळण्याचं दुसरं उदाहरण तर माझ्या रोजच्या वाटेवरचं आहे. पुण्याजवळच्या दापोडीला, जिथे हॅरिस पुलावर संध्याकाळी गाड्या तुंबतात, तिथे कधीकाळी मुंबई इलाख्याची सरकारी वनस्पतिबाग होती. इंग्रज तिला दापुरी म्हणत. 1828 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या वेळी ती सुरू झाली. 1838 पासून अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर तिचा प्रमुख होता. या गिब्सनला मराठी येत होतं. जंगलतोडीनं झरे आटतात, पाऊसपाण्याचं गणित बिघडतं, असं तो सरकारला बजावत राहिला आणि 1847 मध्ये इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. 1847 ते 1850 या काळात त्यानं बागेतल्या वनस्पतींची सुमारे 170 चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या वनस्पतिउद्यानात जपलेली आहेत आणि 2002 मध्ये हेन्री नॉल्टी यांनी त्यांवर पुस्तक लिहिलं. चित्रं काढणारा हिंदी-पोर्तुगीज होता एवढंच कळतं. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

त्या काळी कुणाचीच नावं लिहीत नसत, असं म्हणून हा विषय मिटवता येत नाही. ‘हॉर्टस मलबारिकस’ त्याच्या जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आधीचा. त्यात इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याचं प्रमाणपत्र त्याच्या लिपीत छापलंय. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या तीन कोंकणी वैद्यांचं 1675 सालचं निवेदन नागरी लिपीत आहे. झाडांची नावंही स्थानिक लिप्यांमध्ये आहेत. तो ग्रंथही सत्तेनंच काढला होता. तरी नावं राहिली, कारण कुणीतरी ती ठेवायचं ठरवलं. मद्रास इलाख्यात रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञासाठी रंगय्या आणि गोविंदू या दोघांनी चित्रं काढली. त्यांची नावं आपल्याला माहीत आहेत, कारण वाइटनं ती लिहिली. एवढंच नाही, त्यानं एका ऑर्किडच्या प्रजातीला ‘गोविंदूइया’ असं चित्रकाराचं नाव दिलं. पुढच्या शास्त्रज्ञांना ते ऑर्किड आधीच्या ‘ट्रॉपिडिया’ प्रजातीत बसतं असं दिसलं आणि गोविंदूइया हे नाव वापरातून गेलं. ते नियमानुसारच झालं, त्यात कुणाचा अन्याय नाही. आणि वापरातून गेलेलं नाव समानार्थी म्हणून नोंदीत तरी राहतं. दापोडीच्या चित्रकाराच्या वाट्याला तेही आलं नाही.

आता दुसरी बाजू. सगळंच कागदावर आणा म्हटलं तर काहीच दिसणार नाही. माती, माणसं, किडे, मालक, गुलाम सगळे एका चित्रात कोंबले तर पळसाची तीन पानं हरवतील. शिवाय कोरा कागद हा नुसता अन्याय नाही, तो मानही आहे. आपल्या संस्कृतीत झाडं भरपूर आहेत, पण बहुतेक वेळा कुणासाठी तरी असतात. दूर्वा गणपतीसाठी, बेल शंकरासाठी, तुळस लग्नासाठी, पळस काव्यासाठी. कोऱ्या कागदावर दूर्वा ही फक्त दूर्वा असते. तिला कोणाच्या मस्तकावर जायचं नसतं. एका यःकश्चित गवताला अख्खा कागद देणं, त्याच्या कणसाचे तुरे मोजणं, यात माणसानं क्षणभर स्वतःला बाजूला केलेलं असतं. हे मला फार मोलाचं वाटतं, आणि नावं-गावं-इतिहास घेऊन कागदावर परत गर्दी करणाऱ्यांना ते दिसत नाही असंही वाटतं.

म्हणजे वगळणं हे पाप नाही. त्याशिवाय पाहताच येत नाही. मग ते चूक कधी ठरतं?

मार्गारेट मी ही इंग्रज चित्रकार 1952 मध्ये ब्राझीलला गेली आणि 1956 पासून ॲमेझॉनच्या जंगलात हिंडू लागली. तिची सुरुवातीची चित्रं रीतसर आहेत, वनस्पती आणि कोरा कागद. पुढे तिच्या कित्येक चित्रांत झाडामागे जंगल येऊ लागलं, काळसर हिरवं पाणी, वेली, ओलसर खोडं. शास्त्राला त्याची गरज नव्हती. पण ती ज्या जागी झाडं रंगवून आली होती, त्या जागा पुढच्या सफरीत जळालेल्या किंवा तोडलेल्या असायच्या. 1988 च्या मे महिन्यात, एकोणऐंशीच्या उंबरठ्यावर, पुराच्या पाण्यातल्या जंगलात होडीच्या छपरावर बसून तिनं एका निवडुंगाचं एकाच रात्रीत उमलून मिटणारं फूल उमलताना रेखाटलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रस्ता अपघातात ती गेली.

तिच्या त्या मागच्या जंगलातून मला माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळाल्यासारखं वाटतं. कोरा कागद एका विश्वासावर उभा असतो. जे मी इथे काढलं नाही, ते बाहेर आहेच. माती मी रंगवली नाही, कारण माती कुठे जाणार? हवं तेव्हा रानात जाऊन पाहता येईल. हा विश्वास खरा असेपर्यंत वगळणं ही नुसती सोय असते. बाहेरची गोष्टच संपायला लागली, की तेच वगळणं तिच्या संपण्याला हातभार लावू लागतं. कारण चित्र पाहणाऱ्याला काहीतरी कमी आहे, हे कळतसुद्धा नाही. जंगल गेल्यावरही कोऱ्या कागदावरची फांदी तितकीच सुंदर आणि तितकीच पूर्ण दिसते.

सह्याद्रीच्या पठारांवर आणि कड्यांवर कंदीलपुष्पाच्या जाती आहेत, काही तर जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. फुलाचा आकार खरंच कंदिलासारखा, आणि तो उगाच नाही. छोट्या माश्या वासानं आत शिरतात. नळीतले केस खाली वळलेले असल्यानं त्यांना बाहेर पडता येत नाही. काही काळानं केस कोमेजतात आणि पराग घेऊन माशी सुटते. शास्त्रीय चित्रात नळीचा छेद असतो, केस असतात, सगळं नेमकं असतं. माशी नसते. माशीशिवाय तो आकार म्हणजे कैद्याशिवायचा पिंजरा. जोवर पठारावर माशा आहेत, तोवर हे चित्र पुरेसं आहे. पठारावर रिसॉर्ट उभं राहिलं, माती खरवडली गेली, माश्या गेल्या, तर ते चित्र तितकंच अचूक राहील आणि तरीही खोटं बोलू लागेल.

माझ्या धंद्याला हे जसंच्या तसं लागू पडतं. रकान्यात न बसणाऱ्या माणसाला आम्ही म्हणतो, तू बाहेर आहेसच की, खिडकीवर जा, साहेबांना भेट. खिडकी उघडी असेपर्यंत हे ठीक असतं. सगळ्या खिडक्या बंद होऊन फक्त तक्ता उरला, की ज्याला रकाना नाही तो माणूसच उरत नाही. तक्ता अचूक होता की नाही, हा तेव्हा मुद्दाच राहत नाही. वगळणाऱ्याची जबाबदारी वगळून झाल्यावर संपत नाही, तिथून सुरू होते. जे बाजूला ठेवलं ते बाहेर अजून आहे ना, हे त्यानं अधूनमधून जाऊन पाहिलं पाहिजे. आणि ते जात असेल तर, मीसारखं, कागदावर परत आणलं पाहिजे.

ते नेहमी रंगानंच आणावं लागेल असं नाही. पुष्कळदा चित्राखालच्या दोन ओळी पुरतात. कुठून आणलं, कोण झाडावर चढलं, कोणी नाव सांगितलं, कोणी रंगवलं. मेरियननं शंकासुराच्या बाजूला तेवढंच तर केलं. दापोडीच्या कागदांवर एक नाव लिहायला किती जागा लागली असती? कोरी जागा तर भरपूर होती.